ओबीएमचं पेट्रोल : किती घ्यावं, कसं ठेवावं



गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर आमची एक होडी मांडवीच्या मुखाशी बंद पडली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. होडी फुटणाऱ्या लाटांकडे सरकत होती. मागच्या होडीवाल्यानं दोर टाकला म्हणून निभावलं. पेट्रोल मे महिन्यातलं होतं, पावसाळाभर मांगरात अर्ध्या टाकीत पडलेलं. चूक आमचीच.

आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं. दमट हवेतून थोडं थोडं, झाकणातून पावसाचं शिरलं तर एकदम. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासोबत पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकला तर दुहेरी मार, कारण तेल वरच्या पेट्रोलात राहतं आणि इंजिनात जातं ते बिनतेलाचं पाणी. वर ताजं पेट्रोल ओतून हे सुधारत नाही.

परीक्षा सोपी आहे. टाकी रात्रभर हलवू नका. सकाळी तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर ते इंजिनात घालू नका, आणि खाडीतही ओतू नका.

बऱ्याच ओबीएमच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते. पंपावर तसं मिळत नसेल तर निदान जुनी रबरी नळी बदला (इथेनॉल रबर खातं) आणि पाणी अडवणारा फिल्टर बसवा. या खर्चासाठी मागेपुढे पाहणारे नंतर कार्बोरेटर उघडून बसतात!

पेट्रोल आठवड्यापुरतंच घ्या. तेल त्या फेरीपुरतंच मिसळा, कारण मिसळलेलं उरलं तर स्कूटरलाही चालत नाही. साधारण ५०:१ म्हणजे १० लिटरला २०० मिली, पण आपल्या इंजिनाची पुस्तिका बघा. तेल टीसी-डब्ल्यू३च हवं, मोटरसायकलचं नको. फोर-स्ट्रोकवाल्यांनी पेट्रोलात तेल मिसळायचंच नाही.

साठ्याचा कायदाही आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. डबा घरात, चुलीजवळ किंवा उन्हात नको. भरताना तो टेम्पोतून उतरवून जमिनीवर ठेवा. सुटी टाकी होडीबाहेर काढून भरा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. डॉल्फिन दाखवायला पाहुणे नेणाऱ्यांनी विडी-सिगारेटचं आधीच सांगावं.

बंदी १ जूनला लागते. त्याआधी टाकी रिकामी करा. गोड्या पाण्यावर इंजिन चालू ठेवून पेट्रोलची नळी काढा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होऊन ते आपोआप बंद पडेल. टाकी सुकवून झाकण आणि हवेचा स्क्रू घट्ट करा.

बाटलीची परीक्षा बघायची असेल त्यांनी रविवारी सकाळी संस्थेच्या शेडवर यावं. बाटली घरून आणा.