सोनगीरचा गड आणि खानदेशातलं ऊन
धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत सोनगीर लागतं. गावाची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची; गड गावाच्या डोक्यावरच आहे. चढ थोडका. म्हणूनच लोक पायात चपला अडकवून, अर्धी बाटली पाणी घेऊन निघतात आणि घात होतो तो इथेच. लळिंगच्या किल्ल्यावर माणूस तयारीने जातो, सोनगीरला सहज जातो.

मार्च सरत आला होता. मुंबईहून आलेला भाचा सोबत होता, विशीतला, धडधाकट. सकाळी काही न खाताच निघाला होता. पायथ्याशी ओट्यावर बसलेल्या आजोबांनी हटकलं, “पानी लिधं का भाऊ?” पाणी भरपूर होतं, पण तो पितच नव्हता. इथली हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर टिकत नाही आणि तहान उशिरा लागते. काळा दगड तव्यासारखा तापतो, त्याची धग खालून लागते ती वेगळीच.

तटाच्या कडेने फिरताना त्याचं बोलणं कमी झालं. शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. बाटलीचं झाकण त्याला फिरवता येईना. मग पोटरीत गोळे आले आणि तो खालीच बसला. कपाळ गार, चिकट.

पडक्या भिंतीची हातभर सावली होती, तिथे त्याला आडवं केलं. बूट-मोजे काढले, पाय दगडावर उंच ठेवले, उपरणं भिजवून मानेवर आणि काखेत धरलं. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरूनच करून न्यावं. हळूहळू तो सावरला, तरी लगेच उठू दिलं नाही.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी तोंडात पाणी घालू नका, अंगावर ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीवर येतो का ते बघत बसू नका.

माथ्यावर खोल विहीर आहे. ती बघायला सगळेच कडेशी जातात. ज्याला गरगरतंय त्याला मात्र तिकडे फिरकू देऊ नये.

जायचंच तर नोव्हेंबर ते जानेवारी, उजाडता उजाडता. पोटात भाकरी हवी. तेव्हा ऊन सोसवतं, पण कुसळी गवत गुडघ्याला लागतं आणि दगडाच्या फटीत फुरसं असू शकतं. हात टेकण्याआधी काठी आपटा, घोट्यावर येणारे बूट घाला, आणि वर जातोय हे गावात कुणाला तरी सांगून ठेवा.