हंगाम संपला की देतो

माझे चाळीस हजार रुपये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आंबा बागायतदाराकडे अडकले आहेत. त्यांच्या हिशोबाने ते साडेतीन हजारच होतात, आणि तेही रोख द्यायचे नाहीत, आंब्यात वळते करायचे आहेत. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

मी चिपळूणला घरी बसून वेबसाइट करते. बी.कॉम. झाल्यावर शिकले, क्लास न लावता. एमडीएनची पानं आणि फ्रीकोडकॅम्पचे धडे फुकट आहेत, आणि हमखास नोकरीची जाहिरात करणाऱ्या कुठल्याही क्लासपेक्षा मला ते आजही बरे वाटतात. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. तिचे काही चमत्कारिक स्वभाव अजून गेलेले नाहीत. महिने ती शून्यापासून मोजते, म्हणजे एप्रिलचा आकडा चार नव्हे, तीन. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा डोकं फिरतं. पुढे त्या खोडीसकट ती आवडायला लागते. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात आलं, लॅपटॉप गेला. कोड रोज गिटहबवर चढवायची सवय होती म्हणून एका ओळीचंही नुकसान झालं नाही. नवीन मुलांना मी पहिली गोष्ट हीच सांगते.

तर काम होतं हापूसच्या थेट विक्रीचं. काका (मी त्यांना काकाच म्हणायचे) पहिल्या भेटीत तासभर वाशी मार्केटबद्दल बोलले. माल दलालाकडे पाठवायचा, भाव तो ठरवणार, आणि नंतर येणार ती पट्टी. तिच्यात अडत कापलेली, हमाली कापलेली, तोलाई कापलेली, अमुक पेट्या डागी निघाल्या म्हणून त्याही कापलेल्या. "वर्षभर फवारण्या आम्ही करायच्या आणि आमच्या घामाची किंमत त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून पाठवायची!" असं म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. मला ते सगळं पटलं. आजही पटतं. म्हणून तर राग जास्त येतो.

पंच्याऐंशी हजारांचं दरपत्रक ईमेलवर पाठवलं, त्यांनी ईमेलवरच होकार दिला. पंचवीस आगाऊ, वीस रचना मंजूर झाल्यावर, बाकीचे चाळीस साईट पूर्ण झाल्यावर. गुढीपाडव्याला ऑर्डर सुरू व्हायला हव्यात, ही त्यांची अट.

आंब्याची साईट म्हणजे साड्यांच्या दुकानाची साईट नव्हे. साडीचा भाव महिनाभर टिकतो, आंब्याचा रोज हलतो आणि मे उजाडला की घसरतो. डझनाचा दर फळाच्या वजनावर, पेटी चार डझनांची की सहा डझनांची त्यावर वाहतूक, आणि गाडी कुठल्या पिनकोडला कुठल्या दिवशी जाते ते वेगळंच. शेवटची पेटी उरली असताना मुंबईतल्या दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर? डेटाबेसमध्ये त्या नोंदीला कुलूप लावून आधी एकाचं पुरं करायचं, मगच दुसऱ्याला आत घ्यायचं. पैसे भरल्या भरल्या ग्राहकाने पान बंद केलं तर पेमेंट गेटवे वेबहुकने परस्पर निरोप पाठवतो. तो निरोप खरा आहे का हे सही जुळवून तपासावं लागतं. तोच निरोप दोनदाही येऊ शकतो, तेव्हा पेटी दोनदा नोंदली जाऊ नये याचीही काळजी घ्यावी लागते. हे सगळं रात्री एकटीने जुळवून आणल्यावर जे वाटतं ते मी घरी कुणाला समजावून सांगू शकलेले नाही. आई म्हणाली, "झालं ना? मग झोप आता."

मजकूर आला तो गावातल्या डीटीपीवाल्याकडून, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो पानावर चिकटवला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. रूपांतर केलं तर "किनाऱ्यावरचा हापूस" याचा "किनार्यावरचा हापूस" झाला. ती एकेक जागा शोधून हाताने दुरुस्त केली. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये नीट लिहिलं, तर काही फॉन्ट ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दाखवतात. तेही केलं. कोणी मागितलं नव्हतं. मला हिंदी वळणाचा ल मराठी पानावर बघवत नाही.

आता उशिराबद्दल, कारण पुढे त्याचेच पैसे कापले गेले. साईट पाडव्याच्या आधी तयार होती. पेमेंट गेटवे मात्र ज्याच्या खात्यात पैसे जायचे त्याची कागदपत्रं तपासल्याशिवाय सुरू होत नाही, आणि काकांच्या पॅनकार्डावर एक नाव, बँकेच्या खात्यावर दुसरं. ते निस्तरेपर्यंत पाडवा उलटून गेला. त्यात भौगोलिक मानांकनाचं चिन्ह. हापूसला ते २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी मिळालं, पण ते वापरायला बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. मी प्रमाणपत्र मागितलं. "सगळे लावतात गो, तुलाच कसला कायदा?" मी चिन्ह लावलं नाही. त्या दिवसापर्यंत मी "मॅडम" होते. तिथून "अगो बाय" झाले.

मग भाचा आला. मुंबईला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, सुट्टीत आलेला. "मामा, हे वर्डप्रेसवर दोन दिवसांत होतं." वर्डप्रेसवर पुष्कळ काही होतं, मीही करते. पण दोन दिवसांत होतं म्हणणाऱ्याने ते दोन दिवस कधी काढलेले नसतात. काकांनी त्याला सगळे पासवर्ड दिले. त्याने अक्षरांमधलं अंतर वाढवलं, "इंटरनॅशनल लुक" म्हणून. देवनागरीत असं केलं की शिरोरेखा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. शीर्षकांच्या ओळींची उंची कमी केली, त्यात वेलांट्या आणि रफार कापले गेले. आणि वेबहुकचा पत्ता त्याला बिनकामाचा वाटला म्हणून काढून टाकला.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री काकांचा फोन. लोकांचे पैसे खात्यात पडताहेत, ऑर्डरी दिसत नाहीत. मी रात्री बसून गेटवेच्या नोंदी आणि डेटाबेस जुळवले, सुटलेल्या सगळ्या ऑर्डरी परत उभ्या केल्या. एक रुपया मागितला नाही. सणाच्या तोंडावर पैसे भरून बसलेल्या लोकांचा काय दोष? सकाळी काकांनी माणसाकरवी एक पेटी पाठवली. "मुलांना दे." आम्ही खाल्ली. फळ चांगलं होतं, ते नाकारत नाही.

उरलेले पैसे मागितले की एकच उत्तर: "हंगाम संपला की देतो. तुझे कुठे जातायत?" आणि "साईट अजून पूर्ण कुठे झालीय, तो एक छोटासा बदल राहिलाय ना." तो बदल केला की दुसरा. व्हॉट्सॲपवर आवाजातले निरोप, गाडीतून बोललेले, मागे हॉर्न. लोगो मोठा कर. लोगो फार मोठा झालाय. आजोबांचा फोटो टाक. आजोबांचा फोटो काढ, आत्येला आवडला नाही.

मृग लागला, बागा रिकाम्या झाल्या. मी परत आठवण केली तेव्हा त्यांनी एका कागदाचा फोटो पाठवला. वहीचं रेघांचं पान, वर लाल शाईत "श्री", खाली "हिशोब".

येणे चाळीस हजार. वजा: उशीर, दहा हजार. वजा: साईट बंद पडल्याचं नुकसान, आठ हजार. वजा: भाच्याची मेहनत, पंधरा हजार. वजा: आंबा पेटी एक, साडेतीन हजार. शिल्लक साडेतीन हजार, "पुढील हंगामात आंब्यात वळती करण्यात येईल."

मी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा वाचला. उशीर त्यांच्या पॅनकार्डाचा. नुकसान भाच्याने केलेलं, मी भरून काढलेलं. भाच्याने जे मोडलं त्याची मजुरी माझ्याकडून. पण खरं लागलं ते पेटीचं. माणूस पाठवून, मुलांचं नाव घेऊन दिलेली पेटी, आणि तिचा दर लावलेला. त्या वेळी माझ्या लक्षात आलं की हे मी ओळखते. ही पट्टी होती. ज्या चिटोऱ्यावर त्यांनी पहिल्या भेटीत तासभर शिव्या घातल्या, तोच चिटोरा त्यांनी माझ्यासाठी लिहिला होता, तशाच रकान्यांत, तशाच "वजा"सकट. मी फोन करून म्हटलं, "काका, ही वाशीची पट्टी झाली." ते म्हणाले, "धंद्यात असंच असतं, बाळा."

तर असं काम करणाऱ्यांनी काही गोष्टी लिहून ठेवा. "साईट पूर्ण झाल्यावर" हे शब्द दरपत्रकात कधीही नकोत. साईट पूर्ण झाली असं ग्राहक कधीच म्हणत नाही. शेवटचा हप्ता तारखेला बांधा, किंवा साईट खऱ्या डोमेनवर जाण्याच्या आदल्या दिवसाला. हंगामी धंदा असेल, आंबा असो, फराळ असो की गणपतीच्या मूर्ती, तर सगळे पैसे हंगामाच्या आधी. किती वेळा बदल करून देणार तो आकडा लिहा, त्यापुढच्या बदलाला दर लावा. आवाजातला निरोप आला की त्याखाली लगेच टाइप करा: "तुम्ही हे हे सांगितलंत, बरोबर ना?"

उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करा. फुकट आहे, सरकारी पोर्टलवर होते, पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. माझी होती. ती असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायद्याप्रमाणे तुमचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. काम हाती आल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं धरतात, म्हणून "साईट सुपूर्द केली" असा ईमेल तारखेसह पाठवाच. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज चढतं, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडे जाते. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि ग्राहकाला तो कोर्टात उलटवायचा असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलंय. मीही तक्रार केली आहे; माझ्या प्रकरणात ते दिवस केव्हाच उलटून गेले, पण व्याज चालू आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर देईपर्यंत ग्राहकाला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात आली. कंपन्या आणि व्यापारी याला घाबरतात. माझ्या बागायतदाराला कसला धाक? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही.

डोमेन आणि होस्टिंग पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या नावावर, त्याच्या कार्डावर घ्या. लोक म्हणतात, आपल्या नावावर ठेवलं तर वसुलीला बरं. मला पटत नाही, ती ओलीस ठेवण्याची रीत झाली. आणि रागाच्या भरात साईट बंद पाडायचा विचार मनात आला तर झोपा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून नुकसान केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग त्यांनी तुमचे लाख रुपये बुडवलेले का असेनात. एक जुना पासवर्ड माझ्याकडे अजून चालत होता. मी वापरला नाही. तो चालतोय, बदला, असं काकांना लेखी कळवलं.

कोड मात्र आपला. नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याकडे असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी लागतं. म्हणून करारात लिहा: पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील, तोपर्यंत नाही. बाकी नेहमीचं: आगाऊ घ्या, पावती द्या, नातेवाइकांचं काम फुकट करू नका.

यंदाच्या हंगामाआधी एका मुलाचा फोन आला. नुकताच शिकून बाहेर पडलेला, आवाजावरूनच कळत होतं. "ताई, अमुक आंब्याच्या साईटचं काम आलंय, जुना कोड तुमच्याकडे असेल का?" पानाच्या तळाशी असलेलं माझं नाव भाच्याने काढलं होतं; कोडमधल्या टिपणीतलं त्याला सापडलं नाही. मी त्या मुलाला हिशोबाचा तो फोटो पाठवला. त्याने पुढे काम घेतलं की नाही, मी विचारलं नाही.

कुणाचीही जुनी साईट हातात घ्यायची असेल तर आधी ती करणाऱ्याला शोधा आणि त्याचे पैसे मिळाले का, एवढं विचारा. मला विचारलंत तर मी खरं तेच सांगेन.