‘ताई, ते लीगल आहे ना?’

अगं, पैसे घालायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. आपल्याकडे बहुतेक जण आधी घालतात आणि मग विचारतात. ऑफिसातल्या त्या मुलाने तुला ॲपमधले हिरवे आकडे दाखवले आणि म्हणाला, आता सरकार टॅक्स घेतं, म्हणजे लीगलच झालं की. घरी बाबा म्हणतात, बिटकॉइन म्हणजे तुरुंगात जायची कामं. दोघंही अगदी ठामपणे बोलतात, म्हणून तू गोंधळलीस. खरं तर दोघांकडेही अर्धीच माहिती आहे, आणि गंमत म्हणजे ते अर्धे एकमेकांना जोडले तरी पूर्ण होत नाहीत.

आधी सरळ उत्तर देते. आजच्या घडीला भारतात क्रिप्टो विकत घेणं, जवळ ठेवणं किंवा विकणं हा गुन्हा नाही, कारण तशी बंदी घालणारा कायदाच झालेला नाही. पण क्रिप्टो म्हणजे रुपयासारखं चलनही नव्हे. कोपऱ्यावरच्या वाण्याने ते नाकारलं तर तू त्याला काही बोलू शकत नाहीस. आणि उद्या तुझे पैसे अडकले तर बँकेच्या ठेवीला आहे तसं पाच लाखांचं विमासंरक्षण नाही, शेअर्ससाठी सेबी आहे तसं तक्रार ऐकणारं कुणी नाही. या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. कुणी त्यातली एकच सांगून थांबला, तर त्याला काय विकायचं आहे ते बघ.

आता बाबांचं. त्यांनी ते स्वप्नात पाहिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने पहिला इशारा दिला तो २४ डिसेंबर २०१३ला. पुढे ६ एप्रिल २०१८ला तिने परिपत्रक काढून बँकांना बजावलं की क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा द्यायची नाही. २०१९मध्ये सुभाषचंद्र गर्ग समितीचा अहवाल आला, त्यातल्या विधेयकाच्या मसुद्यात दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. बाबांच्या डोक्यात बसला आहे तो हाच तुरुंग. पण मसुदा हा मसुदाच राहिला. ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रकच रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला अधिकारच नाही असं न्यायालय म्हणालं नाही, हे नीट लक्षात घे. अधिकार आहे, पण तिच्या देखरेखीखालच्या बँकांचं काय नुकसान झालं ते दाखवता आलं नाही, आणि त्या मानाने उपाय फारच जालीम आहे, असा त्या निकालाचा सूर होता. २०२१च्या हिवाळी अधिवेशनात पुन्हा एक विधेयक कामकाजाच्या यादीत लागलं, आठवडाभर वर्तमानपत्रांत बंदीच्या बातम्या आल्या, आणि ते विधेयक मांडलंच गेलं नाही.

हे सगळं सांगते ते इतिहासाचा तास घ्यायला नाही. निकाल लागून वर्ष उलटल्यावरही, २०२१मध्ये, काही मोठ्या बँका ग्राहकांना त्याच रद्द झालेल्या परिपत्रकाचा दाखला देऊन ईमेल पाठवत होत्या. शेवटी ३१ मे २०२१ला रिझर्व्ह बँकेलाच सांगावं लागलं की ते परिपत्रक आता लागू नाही, त्याचा हवाला देऊ नका. जिथे बँकांच्या कायदा विभागाची ही तऱ्हा, तिथे आपल्या फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओचं काय घेऊन बसलीस! कुणी काहीही पाठवलं की आधी तारीख बघ. तारीख नसेल तर ते वाचूच नकोस. तारीख असेल तर त्यात सांगितलेली गोष्ट मसुदा आहे, कायदा आहे, परिपत्रक आहे की कुणा मंत्र्याचं विधान आहे, ते शोध. चारही गोष्टींच्या बातम्या दिसायला सारख्याच असतात, पण वजन सारखं नसतं.

आता तुझ्या ऑफिसातला तो. टॅक्स घेतात म्हणजे मान्यता दिली, हे त्याचं म्हणणं ऐकायला बिनतोड वाटतं. त्याला पियारा सिंगची गोष्ट सांग. १९५८ साली हा गृहस्थ ६५,५०० रुपयांच्या नोटा घेऊन पाकिस्तानात जाताना सापडला. तिकडून सोनं आणून इकडे चोरून विकायचं, हा धंदा. नोटा जप्त झाल्या, आणि वर प्राप्तिकर खात्याने कर मागितला. तो म्हणाला, ठीक आहे, धंद्याच्या उत्पन्नावर कर लावता ना, मग जप्त झालेली रक्कम धंद्यातला तोटा म्हणून वजा करा. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं. कर लागला म्हणून स्मगलिंग काही कायदेशीर झालं नाही. प्राप्तिकर खातं पैसा कसा आला एवढ्यावरून कोणाला मोकळं सोडत नाही, इतकंच. फेब्रुवारी २०२२मध्ये निर्मला सीतारामन यांनीही राज्यसभेत हेच स्पष्ट केलं होतं, की नफ्यावर कर लावला याचा अर्थ क्रिप्टोला कायदेशीर ठरवलं असा होत नाही, बंदीचा विचार वेगळा.

पियारा सिंगला तोटा वजा करून मिळाला, तुला मिळणार नाही. इथे जरा थांब, कारण ‘लीगल आहे का’ या प्रश्नापेक्षा तुझ्या पगारावर याचा जास्त परिणाम आहे. १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, तुझा स्लॅब कुठलाही असो. त्यावर ४ टक्के सेस. समज, तू एक कॉइन ५०,०००ला घेतलं आणि ८०,०००ला विकलं. नफा ३०,०००, कर ९,०००, सेस ३६०. झाले ९,३६०. त्याच वर्षी दुसऱ्या एका कॉइनमध्ये तुझे २५,००० बुडाले. तू म्हणशील, म्हणजे एकूण नफा पाचच हजार, कर त्यावर. नाही. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावर ढकलताही येत नाही. म्हणजे खिशात आले पाच हजार आणि सरकारला द्यायचे ९,३६०. पदरचे ४,३६० घालून तू ‘नफा’ कमावलास! शिवाय १ जुलै २०२२पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो रिटर्न भरताना हिशेबात धरला जातो, पण तोवर पैसे अडकतात. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरतात, रुपया हातात आला नाही तरी.

आणि एक. १९६१चा जुना प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५चा नवा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत सांगितलेले कलमांचे क्रमांक घेऊन शोधत बसू नकोस, उगाच गोंधळ होईल.

मग खरी माहिती कुठे बघायची? चलनाबद्दल आणि बँकांबद्दल रिझर्व्ह बँकेची वेबसाइट. कराबद्दल प्राप्तिकर खात्याची. आणि ज्या ॲपवर तू पैसे टाकणार, त्याच्याबद्दल एफआययू, म्हणजे केंद्राच्या अर्थ मंत्रालयाखालचं वित्तीय गुप्तवार्ता एकक. हे नाव लोकांना फारसं ठाऊक नसतं, पण तुझ्या कामाचं हेच. ७ मार्च २०२३च्या अधिसूचनेने क्रिप्टोच्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. त्यांना एफआययूकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकांची केवायसी घ्यावी लागते, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. डिसेंबर २०२३च्या अखेरीस एफआययूने नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा काढल्या, त्यात जगातली सगळ्यात मोठी समजली जाणारी बायनान्सही होती. तिला पुढे २०२४मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला, मग ती नोंदणी करून परत आली. तेव्हा नाव मोठं आहे, जाहिरातीत क्रिकेटवाला आहे, यावर जाऊ नकोस. कंपनीला सरळ नोंदणी क्रमांक विचार. जी टाळाटाळ करेल तिचं ॲप काढून टाक.

नोंदणी असली म्हणजे पैसे सुरक्षित, असं मात्र समजू नकोस हं. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं. ग्राहक इथले, रुपये इथले, पण कंपनीची मूळ मालकी सिंगापुरात, म्हणून प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात. आपल्या इचलकरंजीच्या किंवा नाशिकच्या माणसाने पैसे परत करायच्या सिंगापूरच्या योजनेवर ऑनलाइन मत द्यायचं! व्यवहार पुन्हा सुरू व्हायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने, एका अडकलेल्या ग्राहक महिलेच्या अर्जावर, क्रिप्टो ही एक मालमत्ता आहे असं म्हटलं. चलन नव्हे, पण तुझ्या मालकीची वस्तू. हा दिलासा आहे, नाही असं नाही. पण त्यासाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता तुला ज्याची सगळ्यात जास्त भीती घालायची आहे ते. तो मुलगा तुला ‘पीटूपी’ करायला सांगेल. म्हणेल, टीडीएस वाचतो, भावही चांगला मिळतो. म्हणजे काय, तर तू तुझं यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन, ॲपवर भेटलेल्या अनोळखी माणसाला द्यायचं आणि त्याने तुझ्या खात्यात यूपीआयने रुपये टाकायचे. आमच्या सोसायटीतल्या एकीच्या मुलाने असे चाळीस हजार घेतले. पैसे आले, तो विसरलाही. काही आठवड्यांनी किराणा दुकानात क्यूआर स्कॅन केला तर पेमेंट फेल. दुसऱ्यांदा फेल. घरी येऊन बघतो तर पगाराचं अख्खं खातं गोठवलेलं. बँकेत सांगितलं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, त्यांच्याशी बोला. झालं होतं असं, की त्याला आलेले चाळीस हजार कुणा तिसऱ्याच माणसाला फसवून लुबाडलेले होते. त्या माणसाने तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलीस ज्या ज्या खात्यापर्यंत पोचले, ती सगळी गोठली. याने गुन्हा केला नव्हता. पण ते सिद्ध करायला व्यवहाराचे स्क्रीनशॉट, ॲपवरचं संभाषण, बँकेचं स्टेटमेंट असं सगळं पाठवत बसावं लागलं, आणि तोवर घराच्या कर्जाचा हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा. आणि टीडीएस वाचतो म्हणतात तेही खोटं. तिथे तो कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, एवढाच फरक. तो अनोळखी माणूस कापणार आणि भरणार आहे होय?

दुसरी भीती जुनीच आहे, फक्त कपडे नवे. पुण्यात तू राहतेस, म्हणून गेनबिटकॉइनचं सांगते. तुमचं बिटकॉइन आमच्याकडे द्या, दरमहा १० टक्क्यांप्रमाणे १८ महिने परत देऊ, अशी ती योजना. २०१८मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं. पुढचं ऐक. तपासात तांत्रिक मदत करायला पोलिसांनी ज्या दोघा तज्ज्ञांना घेतलं होतं, त्यांनाच २०२२मध्ये, जप्तीतलं क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी अटक केली. यात बिटकॉइन कायदेशीर आहे की नाही हा प्रश्नच कुठे येत नाही. ठरलेला परतावा आणि वर ‘दोन जण जोडून दे’ असं म्हटलं, की ती फसवणूक, मग हातात बिटकॉइन असो, सागवान असो की शेळ्या. असं काही घडलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन कर. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

दुबईच्या मंदारदादाचं उदाहरण तुला कुणी देईल, की तिकडे सगळं राजरोस चालतं. चालतं, कारण दुबईने २०२२मध्ये यासाठी वेगळा कायदा आणि वेगळी संस्थाच उभी केली. त्याच जगात चीनने सप्टेंबर २०२१मध्ये सगळे व्यवहार बेकायदा ठरवले, आणि पशुपतिनाथाला गेलीस तर नेपाळातही मनाई आहे. दादाचा नियम दादाला. तू भारतात राहतेस, पॅन इथला आहे, तर तुला नियमही इथलेच.

आईच्या बँकेच्या ॲपवर ‘ई-रुपया’ दिसतो तो यातला नाही बरं. तो रिझर्व्ह बँकेने स्वतः काढलेला डिजिटल रुपया, १ डिसेंबर २०२२पासून मुंबईसह चार शहरांत तो लोकांच्या हाती आला. तो खरा रुपयाच आहे, त्याला नोटेइतकीच किंमत आणि नोटेइतकाच कायद्याचा आधार. आई त्याने भाजी घेऊ दे खुशाल.

माझं मत विचारशील तर घेऊ नकोस, निदान या वर्षी तरी. पण तू घेणारच असशील, कारण मी तुला ओळखते, तर सगळे बुडाले तरी भाडं आणि हप्ता चुकणार नाही एवढेच घाल. नोंदणीकृत ठिकाणी, स्वतःच्या पॅनवर घे. त्या मुलाच्या खात्यातून ‘माझ्यासाठी पण घे’ असं करू नकोस, उद्या कर त्याला लागेल आणि भांडण तुम्हा दोघांत लागेल. मार्च संपला की ॲपवरून वर्षभराच्या व्यवहारांची यादी उतरवून घे, कधी घेतलं, कितीला, कधी विकलं, टीडीएस किती, सगळं. रिटर्नमध्ये याचा वेगळा तक्ता असतो, तो भरावा लागतो. रिटर्न भरून देणाऱ्या देशमुखकाकांना जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फोन करू नकोस, मे महिन्यातच यादी घेऊन जा. आणि बाबांना सांगायचं असेल तर रिटर्न भरल्याची पावती हातात घेऊन सांग.