तलवारीची नको, सोडतीची काळजी करा

पालकहो, "दिवसभर ते जपानी कार्टून आणि नुसती तलवारबाजी!" ही तक्रार हल्ली बऱ्याच घरांत ऐकू येते. अनेकदा मुलाच्या हातातला तो गेम 'गेन्शिन इम्पॅक्ट' असतो. दिसायला जपानी ॲनिमे, पण आहे चिनी. शांघायच्या 'मिहोयो' कंपनीनं तो 28 सप्टेंबर 2020 रोजी आणला, आणि तोही फुकट. याच कंपनीचा 'होन्काई इम्पॅक्ट थर्ड' त्याच्याही आधीचा. त्यात तर सपासप वार करत पुढे जाणं हाच मुख्य खेळ.

आधी तलवारीबद्दल बोलू. 'गेन्शिन'मध्ये रक्ताचे पाट वाहत नाहीत. हरलेला राक्षस विरून जातो. युरोपात या गेमला 12 वर्षांपुढच्या मुलांसाठीचं मानांकन आहे. शिवाय नुसती बटणं बडवून इथे फार काळ निभत नाही. चार पात्रांचा संघ बांधायचा, ऐन लढाईत योग्य क्षणी एकाच्या जागी दुसऱ्याला उतरवायचं. अग्नी, जल, हिम, विद्युत अशी सात तत्त्वं आहेत; भिजलेल्या शत्रूवर हिमाचा मारा केला की तो गोठतो. कोणामागून कोणाला आणायचं, याचा हिशेब मुलं मनात करत असतात. या गेममध्ये 'सुमेरू' नावाचा प्रदेश आहे, त्यात 'आरण्यक' नावाची लांबलचक कथा आहे आणि तिथल्या चिमुकल्या वनवासींची नावं अरपांडू, अरनकुल, अरकुंती अशी आहेत. मुलाला ती दाखवायला सांगा. ही नावं कुठून आली, हे त्याला तुम्हीच सांगू शकाल.

मग काळजी कशाची? त्या गेममधल्या सोडतीची.

नवी, ताकदवान पात्रं मिळवायला 'विश' करावी लागते. एका विशला 160 प्रिमोजेम, म्हणजे गेममधली रत्नं, लागतात. खेळून ते थोडेथोडे जमतात, पैसे मोजले की लगेच मिळतात. सर्वांत वरचं, पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के. म्हणजे दहा विश एकदम केल्या तर शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा ते पात्र येत नाही. नव्वदाव्या विशला पंचतारांकित काहीतरी नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. नशीब अगदीच फिरलं तर हवं ते पात्र मिळायला 180 विश लागतात, म्हणजे 28,800 प्रिमोजेम. अमेरिकेत शंभर डॉलरच्या सर्वांत मोठ्या पॅकमध्ये एरवी पन्नासच विश होतात. त्यातून हवं ते पात्र तीनेक आठवडेच उपलब्ध असतं. "आत्ता नाही तर पुन्हा कधी?" ही घाई मुलाच्या स्वभावातून आलेली नाही, ती खेळाच्या रचनेतच आहे.

आणि पैसे थेट खर्च होत नाहीत. रुपयांचे आधी स्फटिक होतात, स्फटिकांचे प्रिमोजेम, प्रिमोजेमची विश. इतक्या पायऱ्यांनंतर आपण नेमके किती रुपये घालवले, हे मोठ्यांनाही पटकन सांगता येणार नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नेमकं यावर बोट ठेवलं. चलनांची गुंतागुंत आणि बक्षीस मिळण्याच्या शक्यता यांबाबत मुलांची दिशाभूल होते, असा आरोप केला. कंपनीनं 2 कोटी डॉलर भरून तडजोड केली. 16 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायच्या नाहीत, ही अटही त्यात आली. ती अट अमेरिकेतली. आपल्या घरात ही संमती द्यायची की नाही, ते आपणच ठरवायचं.

म्हणून एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन मुलाशेजारी बसा. "आवडतं पात्र खात्रीनं हवं असेल तर जास्तीत जास्त किती रुपये लागतील?" हे गणित त्यालाच मांडू द्या. दरपत्रक त्याच्याच फोनवर आहे, शक्यतांची टक्केवारीही गेममध्येच दिलेली आहे. उत्तर त्यानं स्वतः काढलं की तुमच्या दहा उपदेशांचं काम होतं. मग महिन्याची रक्कम ठरवा, शून्य ठरली तरी चालेल. एक पैसाही न भरता हा गेम खेळता येतो. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करा, साठवलेलं कार्ड काढून टाका आणि यूपीआय पिन आपल्याकडेच ठेवा.

वेळेचंही असंच. चीनमध्ये 2021 पासून 18 वर्षांखालच्यांना ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढाच खेळता येतो. आपल्या घरात इतकं ताणायची गरज नाही, पण "आत्ताच्या आत्ता बंद कर" हेही टाळा. मित्रांबरोबर लढाई चालू असताना ती मध्येच थांबवता येत नाही, आणि मूल निघून गेलं तर बाकीचे अडकतात. त्यापेक्षा खेळातलाच थांबा धरा. रोजची चार कामं असतात. बक्षिसं घ्यायला लागणारं 'रेझिन' एका दमात 200 पर्यंतच साठतं आणि आठ मिनिटांना एक या गतीनं भरतं. कामं झाली, रेझिन संपलं, की आजचा खेळ संपला, असा करार मुलांना पटतो, कारण त्यांच्या मित्रांच्या बोलण्यातही हाच हिशेब असतो.

झोप, अभ्यास, मित्र, जेवण सगळं मागे पडत चाललं आहे आणि नुकसान दिसूनही हात आवरत नाही, असं महिनोन्‌महिने चाललं तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेनं याला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, आणि साधारण वर्षभराचा पॅटर्न पाहून निदान होतं. तोवर मुलाला गेमबद्दल बोलतं ठेवा. पैसे हातून गेलेच, तर ते लपवण्याऐवजी घरी येऊन सांगायची त्याला भीती वाटू नये, एवढी वाट मोकळी राहिली पाहिजे.