धानपट्ट्यातून पूर्वेकडे

नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली. पाठोपाठ १ डिसेंबरपासून मलेशियाने दिली. या दोन निर्णयांनी महाराष्ट्रातल्या लहान गावांना परदेश एकदम जवळचा वाटू लागला. भंडारा जिल्ह्यातले शहापूर हे त्यातलेच एक गाव. नागपूर–रायपूर महामार्गाला लागून, शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, सभोवती धानाच्या बांध्या, आणि नागपूरचे विमानतळ गाडीने दीडेक तासावर. निवृत्तीचे पैसे हाती आले की पूर्वी माणसे घरावर मजला चढवत. आता त्यातली थोडी रक्कम बँकॉकच्या तिकिटाकडेही वळते.

गावातल्या एक निवृत्त शिक्षिका अशाच गेल्या. सारे गाव त्यांना बाई म्हणते. सोबत यजमान, दीर आणि धाकटी जाऊ. सहल एका एजंटाची होती आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘सर्व जेवणांसह’. त्या परतल्या तेव्हा शेजारच्या वहिनींनी पहिला प्रश्न जेवणाचाच केला.

“काय खाल्लं जी तिकडं?”

“पनीर आन् नान,” बाई म्हणाल्या. “रोज. भाताच्या देशात जाऊन आली, पण तिथल्या भाताची चव मला नाही सांगता येत.”

हे ऐकून हसणारे हसले. बाईंना मात्र त्याचे मनापासून वाईट वाटत होते, आणि माझ्या मते ते रास्तच होते. भंडारा आणि गोंदिया हा महाराष्ट्राचा धानपट्टा. इथल्या माजी मालगुजारी तलावांत मासळी होते, झिंगे होतात. वाळवलेले झिंगे आणि शेंगदाणे घरात नेहमीचे, आणि गरम भातावर तिखट रस्सा हे इथले रोजचे जेवण. पुणे-मुंबईच्या माणसाला थायलंडचे ताट परके वाटेल, पण शहापूरच्या माणसाला ते ओळखीचे वाटायला हवे. थायलंडच्या ईशान्येकडे, इसान भागात, चिकट भाताचा हातानेच लहान गोळा करून तो कालवणात बुडवून खातात. सोबत सोम तम असते: कच्ची पपई, मिरची, लिंबू, शेंगदाणे आणि वाळवलेले झिंगे उखळीत ठेचून केलेली कोशिंबीर. तोम याम कुंग या झिंग्यांच्या आंबट-तिखट रश्शाला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात गवती चहा असतो, जो आपल्या परसातही असतो. सावजी रस्सा पचवणाऱ्या माणसाला यातले काय जड जाणार? ज्यांना हे अन्न सगळ्यात सहज आपलेसे वाटले असते, त्यांनाच त्यापासून लांब ठेवले गेले.

असे होते त्यामागे हिशेब आहे, आणि तो पैसे भरण्याआधी समजून घ्यायला हवा. स्वस्त सहलीत एजंटाला मुळात फारसे उरत नाही. मग कसर काढली जाते ती ठरलेल्या उपाहारगृहांतून आणि दुकानांतून, कारण गट आणून दिला की तिथे दलाली मिळते. चिनी पर्यटकांच्या बाबतीत हा प्रकार इतका वाढला होता की २०१६ मध्ये थायलंड सरकारने ‘शून्य डॉलर सहली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धंद्याविरुद्ध मोठी कारवाई केली. सहलीचा दर जवळजवळ फुकट, आणि वसुली रत्ने, चामडे, गाद्या विकणाऱ्या दुकानांतून. बाईंच्या गटाचीही एक सकाळ रत्नांच्या दालनात गेली आणि एक दुपार चामड्याच्या दुकानात. बाहेर बस उभी, तिचे दार बंद, चालक गायब. आत विक्रेता हिंदीत बोलतो, चहा देतो, आणि काही न घेता निघणे संकोचाचे होते. जावेने एक अंगठी घेतली. घरी आल्यावर भंडाऱ्याच्या सराफाने तिची जी किंमत सांगितली, ती ऐकून घरात दोन दिवस कोणी त्या अंगठीचे नाव काढले नाही.

म्हणून बाई आता विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की दर नंतर विचारा, आधी रोजचा कार्यक्रम लेखी मागा. दुकानांच्या भेटी किती, त्या टाळता येतात का, जेवण कुठे, मोकळा वेळ कधी, हे कागदावर यायला हवे. ‘सर्व जेवणांसह’ऐवजी फक्त न्याहारी घेतली तर दर कमी होतो आणि संध्याकाळ आपली राहते. पथ्यपाणी किंवा व्रत असलेल्यांनी एक-दोन जेवणे ठरवून घ्यावीत, पण सगळी नकोत. पॅन कार्ड एजंटाला द्यावे. परदेशी सहलीच्या पैशांवर एजंट टीसीएस नावाचा जो कर घेतो, तो आयकर विवरणपत्रात आपल्या खात्यावर जमा दिसतो आणि वळता किंवा परत मिळतो. अनेक निवृत्त लोक हे पैसे मागायचेच विसरतात.

बाईंच्या सहलीत पाहण्याच्या बाबतीतही जेवणासारखेच घडले. बँकॉकला जाऊन वाट फो मंदिरातला पहुडलेला बुद्ध त्यांनी बसच्या वेळापत्रकात कसाबसा उरकला. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच अशी ही सोन्याने मढवलेली मूर्ती. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ मंगल चिन्हे कोरली आहेत. ती नीट पाहायची तर तळपायांपाशी निवांत उभे राहावे लागते. शेजारच्या राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओत पाचूचा म्हणून ओळखला जाणारा हिरव्या दगडाचा बुद्ध आहे, उंची जेमतेम ६६ सेंटीमीटर. ऋतू बदलला की त्याची वस्त्रे वर्षातून तीनदा बदलतात, आणि ते काम राजाचे. त्याच आवाराच्या ओवऱ्यांत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रे ओळीने आहेत. ज्या बाईंनी जन्मभर मुलांना रामायण सांगितले, त्यांना त्या भिंतींसमोर पाव तासही मिळाला नाही.

आयुथ्या तर कार्यक्रमातच नव्हते. बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, १३५० मध्ये वसलेली आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने बेचिराख केलेली ही राजधानी. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी कवटाळलेले बुद्धाचे शिर आहे. तिथे छायाचित्र काढताना आपले डोके त्या शिरापेक्षा उंच राहू नये म्हणून खाली बसावे लागते. बँकॉकहून रेल्वे तिथे स्वस्तात नेते. एजंटाचा एक ‘मोकळा दिवस’ यासाठी पुरतो.

राजवाड्याच्या परिसरात एक जुनी फसवणूक अजून चालते. रस्त्यावर कोणी सभ्य माणूस भेटतो आणि सांगतो, आज मंदिर बंद आहे, प्रार्थना चालू आहे, मी तुम्हाला दुसरे दाखवतो. टुकटुक अगदी स्वस्तात मिळते आणि थांबते ती रत्नांच्या दुकानासमोर. त्याच्याकडे लक्ष न देता सरळ फाटकापर्यंत चालत जावे. तिकीट घर उघडे असते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, नाहीतर दारातच अडवतात.

शाकाहारी माणसाने थायलंडला जावे का, हा प्रश्न शहापुरात हमखास येतो. जावे, पण डोळे उघडे ठेवून. तिथल्या बहुतेक भाज्यांत माशांपासून केलेला सॉस, नाम प्ला, पडतो. ‘भाजी द्या’ म्हटले तरी तो असतोच. दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेले दिसले की तिथले अन्न पूर्ण शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नाही. हे एक चिन्ह मोबाइलमध्ये साठवून ठेवले की निम्मी चिंता मिटते. उरलेल्या निम्म्यासाठी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात आहे, आणि मला विचाराल तर तेवढ्यासाठीही माणसाने थायलंडला जावे.

घरचा मसाला नेणाऱ्यांनी मात्र जपावे. विदर्भातल्या अनेक मसाल्यांत खसखस असते, आणि सिंगापूर व संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणण्यास बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची. नागपूरहून शारजाला जाणारे विमान असल्याने हा धोका या भागातल्या लोकांना अगदी जवळचा आहे. लाडू, मसाला, मुखवास, सगळे तपासूनच पिशवीत भरावे. ई-सिगारेट थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडे बेकायदा आहे. मुलांच्या बॅगा आईवडिलांनी एकदा उघडून पाहाव्यात.

कागदपत्रांचे थोडक्यात. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट सहा महिने वैध हवा. थायलंडसाठी १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्र भरावे लागते, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते खोटे समजावे. व्हिसामाफी सरकारे मुदतीवर देतात आणि बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचेच पान पाहावे. नेपाळला विमानाने जाताना बहुतेक मोठ्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, नुसत्या आधार कार्डावर जमत नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी दोनशे बातहून जास्त शुल्क कापले जाते, म्हणून थोडे थोडे काढू नये. आणि प्रवासविमा न घेता निघू नये.

तरुण मुलांसाठी बाई एक गोष्ट आवाज चढवून सांगतात. ‘थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, तिकीट आमचे’ असे कोणी म्हटले तर जाऊ नये. अशा नोकरीच्या आमिषाने नेलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेले. मार्च २०२५ मध्ये शेकडो भारतीयांना थायलंडच्या माए सोतमधून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

ऋतूच्या बाबतीत मात्र धानपट्ट्याला निसर्गानेच झुकते माप दिले आहे. स्वस्त सहली जून ते सप्टेंबरच्या असतात, कारण तेव्हा तिकडे पाऊस आणि खवळलेला समुद्र. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ वादळात बोट बुडून ४७ चिनी पर्यटक गेले. १९ जुलै २०२५ रोजी व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटली आणि तीसहून अधिक माणसे गेली. जुलैत शहापूरचा शेतकरी रोवणीत असतो. धान कापून, मळून, विकून तो मोकळा होतो तेव्हा डिसेंबर येतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हाच थायलंड, कंबोडिया आणि श्रीलंकेच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्याचा चांगला काळ. उन्हाळी धान लावणाऱ्यांची तेवढी अडचण होते. बाली मात्र या महिन्यांत पावसात असते, तिथे नंतर जावे.

कंबोडियातले अंगकोर वाट हे बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्मनाने विष्णूसाठी बांधलेले मंदिर, जे पुढे बौद्धांचे झाले. पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचे शिल्प जवळजवळ पन्नास मीटर सलग जाते. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या मंदिराच्या जतनाचे काम केले होते. एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा आणि तीन दिवसांचा ६२ डॉलरचा. दोन दिवस थांबणार असाल तरी दुसराच परवडतो. २०२५ मध्ये थायलंड–कंबोडिया सीमेवर लढाई झाली होती, त्यामुळे दोन देश जोडून करण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात आणि रस्त्याने सीमा ओलांडण्याचा बेत आखू नये.

बाईंचा स्वतःचा पुढचा बेत श्रीलंकेचा आहे, आणि त्याचे कारण जिल्ह्यातच आहे. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. जवळच रुयाडला नव्या काळातला महास्तूप उभा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. त्याआधी १९५० मध्ये ते याच परिषदेसाठी श्रीलंकेला जाऊन आले होते. शहापूरच्या बौद्ध घरांतून अनुराधापूरचे नाव आदराने घेतले जाते. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्रेने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नेऊन लावली, ते झाड तिथे आजही आहे. हातात भंडाऱ्याची माती असलेल्या माणसाने पवनी पाहून मग अनुराधापूर पाहावे, एवढे तरी मी आग्रहाने म्हणेन.

या वेळी बाईंनी सहल घेतली नाही, गाडी आणि चालक ठरवला आहे. न्याहारीला आप्पे नव्हे, तर तांदूळ आणि नारळाचा वाटीसारखा ‘आप्पा’, त्यात फोडलेले अंडे. सणाला शिजणारा नारळाच्या दुधातला भात, किरिबत. गोरका घालून केलेले आंबट मासे, ज्याला आपल्या कोकमाच्या जातीचेच फळ लागते. ही यादी त्यांनी वहीत लिहिली आहे. पौर्णिमा, म्हणजे पोया, तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि दारू मिळत नाही, त्या दिवशी मंदिरांत गर्दी होते, तेव्हा मुक्काम आधी ठरवून ठेवला आहे.

त्यांच्या पुतण्याच्या दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेले आहे. श्रद्धेनेच गोंदलेले. श्रीलंकेत मात्र तो अपमान मानला जातो. २०१४ मध्ये दंडावर असेच चित्र असलेल्या एका ब्रिटिश महिलेला विमानतळावरच अटक करून परत पाठवले होते. मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणेही तिथे गुन्हा ठरू शकते. पुतण्या यायचा हट्ट धरून बसला आहे. बाईंनी त्याच्यासाठी लांब बाह्यांचे सदरे शिवायला टाकले आहेत, आणि विमानतळापासून परत येईपर्यंत ते अंगावरून काढायचे नाहीत, हे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.