बांबू कोणाचा?

मुलांनो, टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून आई-बाबा बागेत बांबूची काठी रोवतात ना? बांबू हे झाड की गवत? शास्त्र सांगते, गवत. पण वनखाते त्याला झाड मानत असे. म्हणून जंगलातल्या लोकांनाही तो तोडून विकता येत नसे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हक्क मागितला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज ठरला. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ही ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने निर्णय घेते.

शब्दार्थ : गौण वनोपज – इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू.

गृहपाठ : शनिवारी जेवायला काय करायचे ते घरात सर्वसंमतीने ठरवा. किती वेळ लागला?