छप्पर एक, वेळ वेगळी

प्रश्न : आमची संस्था तालुक्याच्या गावी कुटुंब सल्ला केंद्र चालवते. तिथेच १५ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी समुपदेशन सुरू करावं का?

उत्तर : जरूर करा. जागा आहे, माणसं आहेत. अडचण आहे ती बाहेरच्या बाकाची. नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या शेजारच्या काकू तिथे बसलेल्या दिसल्या, की अकरावीतली मुलगी उंबऱ्यावरूनच परत फिरेल. संध्याकाळच्या आत आईला कळणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणून कॉलेज सुटल्यानंतरचे दोन तास फक्त मुलांचे ठेवा. पाटीवर ‘समुपदेशन’ नको. कॅरम ठेवा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्या. अर्जासाठी आलेला मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हळूच मनातलं काढतो.

नोंदवही वेगळी, तीही कुलपात. आईचं प्रकरण ज्या ताईंकडे, त्यांच्याकडे मुलीचं देऊ नका. मात्र ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द देऊन बसू नका. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत सांगा. मुलं समजून घेतात, फसवणूक मात्र विसरत नाहीत.

आरोग्याच्या प्रश्नांत स्वतः डॉक्टरकी नको. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तिथल्या समुपदेशकांशी आधीच ओळख करून ठेवा. केंद्र बंद असताना उपयोगी पडावा म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दारावर बाहेरच्या बाजूने लावा.